नाजूक झाडें आणि अंगणांतलें घुबड

नागपुरांत परदेशी नाजूक झाडें लावण्याचा छंद म्हणजे वैशाखवणव्याशीं उघड वैर पत्करणेंच होय. 23 मे 2013 रोजीं येथील पारा 47.9 अंशांवर चढला होता. 2018 च्या डिसेंबरांत तोच 3.5 अंशांपर्यंत उतरला. जावा-सुमात्राच्या ओल्या अरण्यांतील ऑर्किडनें हें कसें सोसावें? तथापि हा छंद आतां घरोघर शिरला आहे. तेव्हां तो कसा जोपासावा, आणि त्यापायीं अंगणांतल्या एका जुन्या रहिवाशाचा बळी कसा जाऊं देऊं नये, हें पाहूं. हा रहिवासी म्हणजे घुबड.

झाडांना उन्हापेक्षांही येथील कोरडा वारा घातक. अँथुरियम, ऑर्किड, हंसराज यांस मार्चपासूनच उत्तरेकडील ओसरीवर न्यावें व कुंड्या दाटीनें ठेवाव्या, म्हणजे एकीची ओल दुसरीस मिळते. दुपारीं गच्चीवरील टाकींतलें पाणी कढत होतें. तें मुळांवर ओतणें म्हणजे झाड उकडणेंच. पहांटे घागरींतलें पाणी घालावें. विहिरीच्या जड पाण्यानें मातीवर पांढरा थर बसतो, म्हणून साठविलेलें पावसाचें पाणी उत्तम. ऑर्किडला माती नकोच. कोळशाचे व विटांचे तुकडे आणि नारळाचा काथ्या पुरे. हिंवाळ्यांत रात्रीं कुंड्या आंत घ्याव्या.

इतकें कोडकौतुक करूनही पानांवर पिठ्या ढेकूण पडतोच, आणि खरा प्रश्न येथें उभा राहतो. पुष्कळ गृहस्थ लागलीच विषारी औषध फवारतात. उंदरांनीं कंद कुरतडले कीं विषाच्या वड्या टाकतात. विषानें सुस्तावलेला उंदीर घुबडास आयता सांपडतो आणि तेंच विष त्याच्या पोटांत जातें. फवारलेले किडे पिंगळा खातो. वास्तविक साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पानें पुसलीं तरी कीड हटते, आणि उंदरांस पिंजरा आहेच. आमच्याकडे पानें पुसण्याचें काम नातवंडें करतात. शाळेच्या अभ्यासापेक्षां अधिक मनापासून करतात, हें आतां कोणास सांगावें!

घुबडाविषयीं आपलीं मनें अद्याप साफ नाहींत. कोशकारांनीं त्यास ‘दिवान्ध’ म्हटलें, परंतु तें दिवसां आंधळें नसतें. पंचतंत्रांतील काकोलूकीय वैर मात्र खरें. उजेडीं बाहेर पडलेल्या घुबडाची कावळे पाठ पुरवितात. घुबडास मारलेला दगड तें पाण्यांत टाकतें आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असें जुन्या बायका सांगत. समजूत खोटी खरी. पण तिनें किती घुबडें वांचविलीं असतील! उलट, दिवाळीच्या सुमारास धनलोभानें या लक्ष्मीच्या वाहनाचा बळी देणारे लोक आजही आहेत.

घुबडास घर देणें म्हणजे पिंजऱ्यांत कोंडणें नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे. घुबड घरटें विणीत नाहीं, त्याला आयती पोकळी लागते. पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या भगदाडांत राहतो. पांढऱ्या तोंडाचें गव्हाणी घुबड माळ्यावरच्या अडगळींत. वाडे पडून सदनिका उठल्या, त्या गुळगुळीत भिंतींत एक कोनाडाही उरत नाहीं. अशा ठिकाणीं लाकडी पेटी टांगावी. गव्हाणी घुबडासाठीं तळ दीड फूट औरसचौरस, तोंड सहा इंचांचें, आणि पेटी पंधरा फूट उंचीवर, सांवलींत. मलेशियांतील ताडतेलाच्या मळ्यांत उंदरांच्या बंदोबस्तासाठीं अशाच पेट्या लावतात. वर्षभर कोणी फिरकलें नाहीं तरी पेटी हलवूं नये. पिलें असतां शिडी लावून डोकावूं नये. खालीं केसांचे व हाडांचे गोळे पडूं लागले कीं बिऱ्हाड आलें असें समजावें.

सर्वच घुबडें मात्र अशीं शेजारास येणारीं नव्हेत. रानपिंगळा 1884 नंतर कोणास आढळला नव्हता. 25 नोव्हेंबर 1997 रोजीं तो शहाद्याजवळ पुन्हां दिसला. आपल्या शेजारच्या मेळघाटांतही तो आहे. त्याला जंगलच हवें.

संक्रांतींत मांज्यानें पंख कापलेलें घुबड अंगणांत पडलें तर त्यास दूधभात भरवूं नये. भोंकें पाडलेल्या खोक्यांत, अंधारांत ठेवून सेमिनरी हिल्सवरील वनखात्याच्या उपचारकेंद्रांत पोंचवावें.