लहान नभोवाणी केंद्रें व डिजिटल ध्वनिक्षेपण

कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचें पाणी ३९ फुटांस आलें म्हणजे इशारा व ४३ फुटांस आलें म्हणजे धोका मानितात. सन २०१९ च्या ऑगस्टांत तें ५५ फुटांच्या पुढें गेलें व महामार्ग बंद पडला. अशा वेळीं शिरोळकडील शेतकऱ्यास गुरें केव्हां हलवावीं, कोणता रस्ता खुला आहे, हें सांगणारी वाणी जवळची असावी लागते. मुंबईची वार्ता त्याच्या कामीं येत नाहीं. म्हणून लहान नभोवाणी केंद्रांचा प्रश्न हा शेतकऱ्याचाच प्रश्न आहे, असें आम्ही समजतों.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें सन १९९५ मध्यें दिला. सन २००६ पासून सेवाभावी संस्था व कृषि विज्ञान केंद्रें यांसही परवाने मिळूं लागले. माणदेशांत म्हसवड येथें उभें राहिलेलें ‘माणदेशी तरंग’ केंद्र हें त्याचें उत्तम उदाहरण होय. परंतु अशा प्रत्येक केंद्रास स्वतःचा मनोरा, स्वतःचें यंत्र व स्वतःची वीज लागते. आणि लहान संस्था थकते ती येथेंच.

डिजिटल पद्धतींत एकाच लहरीवरून अनेक कार्यक्रम जातात. सामाईक विहिरीवर जसे अनेक हिस्सेदार खर्च वांटून घेतात, तसेंच हें आहे. मात्र हिस्सेदार वाढले कीं प्रत्येकाची पाळी आंखूड होते. येथेंही केंद्रें फार झालीं तर आवाजाचा कस उतरतो. ब्रिटनांत सन २०१५ मध्यें दहा ठिकाणीं साध्या संगणकांवर व मोफत आज्ञावलीवर हा प्रयोग झाला, व सन २०१७ मध्यें त्यासाठीं कायदाही झाला.

आतां दुसरी बाजू पाहूं. एफ. एम. चा ध्वनि दूर गेला तरी खरखरत कां होईना ऐकूं येतो. डिजिटल ध्वनि एक तर स्वच्छ येतो, नाहीं तर मुळींच येत नाहीं. शिवाय त्यास निराळा संच लागतो. आकाशवाणीनें मध्यम लहरींवर डिजिटल यंत्रें बसविलीं, पण घरोघरीं संच नसल्यानें श्रोता वंचितच राहिला. नॉर्वेनें सन २०१७ मध्यें राष्ट्रीय वाहिन्या एफ. एम. वरून काढिल्या, तरी लहान केंद्रांस तेथें राहूं दिलें. हा शहाणपणा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२५ मध्यें खाजगी डिजिटल नभोवाणीसाठीं १३ शहरांची शिफारस केली. तींत मुंबई, पुणें व नागपूर आहेत, कोल्हापूर नाहीं. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, हातचें एफ. एम. सोडूं नये, परंतु जिल्ह्यांतील संस्थांनीं सामाईक मनोऱ्याची व स्वस्त संचाची मागणी आतांपासूनच एकमुखानें करावी. पाण्याच्या पाळ्या ठरून गेल्यावर अर्ज करणाऱ्यास पाटाच्या शेवटींच उभें राहावें लागतें, हें शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको.