घरांचे बाह्य रंगकाम व त्याचा खर्च

घरांचे बाह्य रंगकाम व त्याचा खर्च : घराच्या बाहेरील भिंती, सज्जे, कठडे इ. भागांवर संरक्षण व शोभा या हेतूंनी चुना, सिमेंट रंग किंवा पायस रंग (बाजारातील नाव इमल्शन) यांचे लेप देण्याच्या कामास बाह्य रंगकाम म्हणतात. हे काम व्यावसायिक रंगाऱ्याकडून करून घेताना येणारा खर्च पृष्ठाचे क्षेत्रफळ, त्याची अवस्था, रंगाचा प्रकार, इमारतीची उंची आणि कामाचा हंगाम यांवर अवलंबून असतो. रंगाच्या डब्यावर छापलेली किंमत हा त्यातील केवळ एक भाग असून पुष्कळदा तो सर्वांत मोठाही नसतो. परभणी जिल्ह्यातील हवामान, जमीन व बांधकामाची परंपरा यांमुळे या खर्चाचे स्वरूप तेथे विशेष स्पष्टपणे दिसते.

जिल्ह्यातील जुनी धाब्याची किंवा माळवदाची घरे पांढऱ्या मातीची असत. त्यांच्या भिंती दरवर्षी पांढऱ्या मातीच्या पातळ लेपाने पोतारीत व जमिनी शेणाने सारवीत. हे काम प्रायः घरातील स्त्रिया करीत. त्यामुळे त्याचा खर्च पैशात कधी मोजला गेला नाही, पण श्रम मात्र दर वर्षी पडत. सधन कुटुंबांच्या वाड्यांना चुना देत. विरविलेल्या चुन्यात थोडा डिंक व नीळ मिसळून तो केकताडाच्या धाग्यांच्या कुंचल्याने लावला जाई. काळ्या पाषाणाच्या घडीव दर्शनी भिंतींना रंगाची गरजच नसे. (अशा दगडावर तैलरंग देण्याची अलीकडील हौस खर्चिक तर आहेच, शिवाय दगडातील ओल कोंडून ठेवणारी आहे.) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विटांच्या, सिमेंटचा गिलावा केलेल्या घरांचा प्रसार झाला, तेव्हा प्रथम सिमेंट रंग व नंतर पायस रंग प्रचारात आले आणि रंगकाम हा रोख पैशाचा व्यवहार बनला.

मोजमाप : मालक व रंगारी यांच्यातील बहुतेक वाद दरावरून नव्हे, तर मोजमापावरून उद्भवतात. मालक घराचे क्षेत्रफळ सांगतो ते जमिनीचे. रंगारी मोजतो ते भिंतीचे. समजा, परभणी शहरातील एक दुमजली घर १० मी. × ८ मी. आकाराचे असून जोत्यापासून कठड्याच्या माथ्यापर्यंत त्याची उंची ७ मी. आहे. दोन मजल्यांचे मिळून जमिनीचे क्षेत्रफळ १६० चौ. मी. (सु. १,७२२ चौ. फूट) भरते. घराची परिमिती ३६ मी. असल्याने बाहेरील भिंतींचे क्षेत्रफळ २५२ चौ. मी. होते, गच्चीच्या कठड्याच्या आतील बाजूचे ३२ चौ. मी. मिळविल्यास ते २८४ चौ. मी. म्हणजे सु. ३,०५७ चौ. फूट (स्थानिक भाषेत साडेतीस ब्रास) होते. हे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सु. पावणेदोन पट आहे. दारे-खिडक्यांची वजावट करावी की नाही, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. वरील घरास १.२ मी. चौरस अशा १२ खिडक्या व २ दारे धरल्यास सु. २१.५ चौ. मी. वजा होतात, परंतु प्रत्येक खिडकीवरील १.५ मी. लांब व ०.६ मी. रुंद सज्जाच्या दोन्ही बाजू रंगवाव्या लागतात आणि त्यांचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच, म्हणजे २१.६ चौ. मी. भरते. म्हणून सज्जे वेगळे न धरता भिंत सलग मोजणारा रंगारी अप्रामाणिक असतोच असे नाही. सज्जेही मोजावयाचे आणि उघडी जागाही वगळावयाची नाही, ही रीत मात्र अन्यायाची होय. इमारतीच्या कामांच्या मोजमापाची रीत भारतीय मानक १२०० मध्ये दिलेली आहे. खाजगी कामात तिचा उल्लेख सहसा होत नाही. तथापि काम सुरू होण्यापूर्वी दोघांनी मिळून फीत धरून मोजलेले आकडे कागदावर उतरविणे हिताचे असते.

माल : बाह्य पायस रंगाचे दोन हात दिल्यास एक लिटर रंगात ५ ते ६ चौ. मी. पृष्ठ झाकले जाते. खरबरीत गिलाव्यावर हे प्रमाण बरेच घटते. वरील घरास या हिशोबाने सु. ५७ लिटर रंग, म्हणजे २० लिटरच्या तीन बादल्या लागतात. त्याखालील अस्तराचा (प्रायमरचा) एक हात देण्यास सु. २८ लिटर अस्तर लागते. सिमेंट रंग स्वस्त असतो, पण त्यावर काही दिवस पाणी मारावे लागते, अन्यथा त्याची भुकटी हाताला लागते. उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही टँकरने आणावे लागणाऱ्या गावांत हे पाणी फुकटचे समजता येत नाही. पाणी मारण्यात हयगय झाल्यामुळे सिमेंट रंगाविषयी जे वाईट मत झाले आहे, ते सर्वस्वी त्या रंगाच्या दोषामुळे नव्हे. गडद छटांना रंगद्रव्य अधिक लागत असल्याने त्या महाग पडतात आणि काही तांबड्या-पिवळ्या छटा पश्चिमेकडील भिंतीवर लवकर विटतात. रंगांवरील वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचे जुने तैलरंग घासून काढताना धूळ नाकातोंडात जाणार नाही याची काळजी घेणे आवश्यक असते.

पृष्ठाची तयारी : खर्चाचा अंदाज चुकतो तो बहुधा येथे. जिल्ह्याचा मोठा भाग गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलेल्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. असे तडे लांबी भरून रंगविल्यास पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा दिसू लागतात. दोष पायातला असतो, रंगातला नव्हे. खाऱ्या पाण्याने केलेल्या गिलाव्यास व जोत्यालगतच्या ओल्या भागास लोणा लागतो आणि त्यावरील रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जुना सुटा रंग खरवडणे, शेवाळ धुणे, तडे कापून भरणे, गच्चीची गळती थांबविणे व भिंत वाळू देणे ही कामे प्रथम करावी लागतात. त्यांना लागणारे मजुरीचे दिवस स्वस्त दर सांगणारा ठेकेदार बहुधा मोजतच नाही.

टिकाऊपणा व वार्षिक खर्च : केवळ दर चौ. फुटाचा भाव पाहणे फसवे ठरते. उदाहरणादाखल, वरील घरास मालासह १२ रु. चौ. फूट दराने केलेले काम ३ वर्षे टिकले, तर एकूण खर्च ३६,६८४ रु. व वार्षिक खर्च १२,२२८ रु. होतो. २१ रु. दराचे काम ७ वर्षे टिकल्यास एकूण ६४,१९७ रु. लागतात, पण वर्षाला ९,१७१ रु.च पडतात. हे दर केवळ हिशोबासाठी धरलेले आहेत. ओल्या भिंतीवर भारी रंगही एका पावसाळ्यात निघत असल्याने हा हिशोब कोरड्या, सुदृढ भिंतीपुरताच खरा असतो. शिवाय हंगाम हाती येण्यापूर्वी पावणेदोन पट रक्कम उभी करणे शेतकरी कुटुंबास शक्य नसते. त्याने स्वस्त रंग निवडला म्हणून तो अविचारी ठरत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी सपाट प्रदेशात १.२० लाख रु. साहाय्य ठरविण्यात आले व घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौ. मी. ठेवण्यात आले. अशा घरांत पैसा संपल्यावर मागे राहते ते बाहेरील गिलावा व रंगाचे काम. ५ मी. चौरस व ३ मी. उंच घराच्या बाह्य भिंती ६० चौ. मी. भरतात; त्यांना दरवर्षी चुन्याचे दोन हात देणे हा आजही परवडणारा उपाय असून चुन्याच्या पांढऱ्या पृष्ठामुळे ऊन परावर्तित होऊन घर काहीसे थंड राहते.

हंगाम व मजुरी : पावसाळ्यात काम होत नाही. एप्रिल-मेमध्ये तापमान ४० से.च्या वर जाते, तेव्हा तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्यापूर्वीच सुकतो आणि जोड दिसतात. म्हणून कुशल रंगारी सकाळी पश्चिमेची व दुपारनंतर पूर्वेची बाजू घेतात. दसरा ते दिवाळी हा काळ सोयीचा, पण सर्वांचीच मागणी तेव्हा असल्याने रंगारी मिळणे कठीण होते. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत भिंती पुरेशा कोरड्या असतात व घासाघीस करण्यास वाव राहतो. काम मजुरीवर किंवा मालासह अशा दोन प्रकारे दिले जाते. मजुरीच्या ठेक्यात माल मालक आणतो व रंगात अधिक पाणी घालण्याचा मोह रंगाऱ्यास राहत नाही. मालासह ठेक्यात मालकाची धावपळ वाचते, परंतु कंपनी, प्रकार व हातांची संख्या लिहून घ्यावी लागते आणि रिकाम्या बादल्या मोजाव्या लागतात.

दुसऱ्या मजल्यापासून परांचीचा खर्च येतो. बांबू व दोर भाड्याने आणणे आणि ती बांधणे-सोडणे यांत दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. दर पाडून मागितल्यास सर्वप्रथम छाट बसते ती हिलाच, आणि मग रंगारी गच्चीवरून सोडलेल्या दोराच्या झुल्यावर कमरेला पट्टा न बांधता काम करतो. बांधकाम कामगारांसाठी केंद्र शासनाने १९९६ मध्ये केलेल्या कायद्याने कल्याणकारी मंडळांची तरतूद केली व मागील वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगारास नोंदणीचा हक्क दिला. पण घरोघरी फिरून चार-चार दिवसांची कामे करणाऱ्या रंगाऱ्यास या ९० दिवसांचा दाखला गोळा करणे कठीण गेले. परांची व सुरक्षा-पट्टा यांची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखविल्यास ती घासाघिशीत नाहीशी होत नाही.