ली-एनफिल्ड रायफलीचे सुटे भाग

ली-एनफिल्ड रायफलीचे सुटे भाग म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याने वापरलेल्या ली-एनफिल्ड या बोल्ट ॲक्शन रायफलीच्या दुरुस्तीसाठी किंवा ती मूळ स्वरूपात आणण्यासाठी लागणारे बदली भाग होत. भारतात ही रायफल 'थ्री नॉट थ्री' या नावाने सर्वपरिचित आहे. लष्करी सेवेतून बाद झाल्यावर ती ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील नेमबाज, शिकारी व संग्राहक यांच्याकडे मोठ्या संख्येने गेली. चार खंडांतील अनेक कारखान्यांनी ती दीर्घकाळ बनवल्यामुळे तिच्या दोन सारख्या दिसणाऱ्या भागांत बारीक पण महत्त्वाचे फरक आढळतात. त्यामुळे 'योग्य भाग' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आले आहेत. पहिला अर्थ यांत्रिक आहे : भाग नीट बसावा आणि सुरक्षितपणे चालावा. दुसरा ऐतिहासिक आहे : भाग त्याच आवृत्तीचा, कारखान्याचा व काळाचा असावा. पहिल्याचा निर्णय मापाने होतो, दुसऱ्याचा खुणांवरून. खूण जुळली म्हणजे माप जुळले असे होत नाही.

पार्श्वभूमी

जेम्स पॅरिस ली याने रचलेली बोल्ट यंत्रणा व दहा गोळ्यांचे मॅगझिन आणि एनफिल्ड येथील रॉयल स्मॉल आर्म्स फॅक्टरीत विकसित झालेली नळीतील आटेरचना यांच्या संयोगातून ही रायफल १८९५ मध्ये सेवेत आली. १९०७ मध्ये तिची आखूड नळीची मार्क ३ ही आवृत्ती स्वीकारली गेली. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी काही भाग गाळून मार्क ३* ही सोपी आवृत्ती काढण्यात आली. १९२६ मध्ये नामपद्धती बदलून या रायफलीला 'क्रमांक १' म्हटले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात 'क्रमांक ४' ही सुधारित रायफल आली. ब्रिटिश सैन्यात १९५७ पासून एल१ए१ या स्वयंभरणी रायफलीने तिची जागा घेतली.

आवृत्ती ओळखणे

भाग शोधण्यापूर्वी रायफलीची नेमकी आवृत्ती ठरवावी लागते. क्रमांक १ मध्ये बॅकसाइट नळीवर असते आणि नळीचे तोंड लोखंडी टोपणाने झाकलेले असते. क्रमांक ४ मध्ये छिद्राची बॅकसाइट बॉडीच्या मागील भागावर असते व नळीचे टोक उघडे दिसते. या दोन्हींची बोल्ट हेड, मॅगझिने आणि पुढील लाकडे एकमेकांना चालत नाहीत.

क्रमांक ४ च्या उपप्रकारांतही भेद आहेत. मार्क १ मध्ये बोल्ट काढण्यासाठी स्प्रिंगवर चालणारी खिट्टी असते. कॅनडा व अमेरिकेत बनलेल्या मार्क १* मध्ये त्याऐवजी बॉडीच्या खाचेत एक कापा दिलेला असतो. मार्क १ चा ट्रिगर खालच्या ट्रिगर गार्डला जोडलेला असतो, तर युद्धोत्तर मार्क २ चा ट्रिगर थेट बॉडीला अडकवलेला असतो. या एका बदलामुळे पुढील लाकडाची मागील बाजूही बदलली. म्हणून मार्क १ चे लाकूड मार्क २ ला आहे तसे बसत नाही.

बोल्ट हेड आणि हेडस्पेस

सर्व सुट्या भागांत सर्वाधिक काळजीपूर्वक निवडावा लागणारा भाग म्हणजे बोल्ट हेड. ०.३०३ इंची काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि काडतूस त्या कडेवर अडून राहते. बोल्ट हेडचा पुढचा पृष्ठभाग आणि ज्यावर ही कड टेकते तो नळीचा मागील पृष्ठभाग यांतील अंतराला हेडस्पेस म्हणतात. हे अंतर वाजवीपेक्षा जास्त झाले तर बार उडताना पितळी पुंगळी मागे ताणली जाते आणि बुडाजवळ तुटू शकते. तेव्हा सुटणारा तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येण्याचा धोका असतो.

ब्रिटिश सैन्याच्या पद्धतीनुसार हे अंतर दोन गेजनी तपासले जाते. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर तो बंद होता कामा नये. क्रमांक ४ साठी ०, १, २ व ३ अशा चार क्रमांकांची बोल्ट हेड बनवण्यात आली. प्रत्येक पुढचे हेड मागच्यापेक्षा साधारण तीन सहस्रांश इंचाने लांब असते. परंतु प्रत्यक्ष लांबीत थोडा फरक आढळत असल्याने आकड्यावर विसंबण्यापेक्षा मायक्रोमीटरने मोजणे श्रेयस्कर असते. क्रमांक १ च्या बोल्ट हेडवर असे आकडे नसतात. तेथे आर्मरर अनेक हेड लावून पाहून योग्य ते निवडीत किंवा लांब हेड घासून मापात आणीत.

बोल्टही सहज बदलण्याजोगा नाही. त्याचे दोन अडसर बॉडीतील आधारांवर सारखे टेकावेत अशा रीतीने तो त्या विशिष्ट रायफलीला बसवलेला असतो. एकच अडसर टेकत असेल तर सगळा भार एका बाजूवर येतो. यासाठीच बोल्टच्या दांड्यामागे रायफलीचा अनुक्रमांक ठोकलेला असतो. वेगळ्या अनुक्रमांकाचा बोल्ट त्याज्यच असतो असे नव्हे. मात्र त्याच्या अडसरांचा आधार व हेडस्पेस दोन्ही जाणकार आर्मररकडून तपासून घेणे आवश्यक असते.

लाकडी भाग

बऱ्याच शिकाऱ्यांनी वजन कमी करण्यासाठी पुढील लाकूड कापून टाकल्याने त्याची मागणी मोठी असते. हे लाकूड केवळ आवरण नसून बार उडाल्यावरचा धक्का त्याच्या मागील टोकाच्या दोन पृष्ठभागांवर येतो. हे पृष्ठभाग बॉडीला घट्ट भिडले नाहीत तर नेम बिघडतो व लाकूड फाटते. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने मऊ कोचवुड लाकूड वापरताना येथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या, तर इशापूर कारखान्याने लाकडातून आडवा स्क्रू घातला.

मागील बट लांबीनुसार निवडला जातो. सामान्य मापापेक्षा अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड असे इतर तीन प्रकार असून त्यांवर इंग्रजी आद्याक्षरे कोरलेली असतात. क्रमांक १ चा बट काढण्यापूर्वी पुढील लाकूड काढणे अनिवार्य आहे. बटच्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढील लाकडातील पट्टीत अडकलेले असते. ते तसेच फिरवल्यास चांगले लाकूड चिरते. दुर्मीळ झालेली अनेक लाकडे या एका चुकीने निकामी होतात.

फोरसाइट

फोरसाइटची पाती ०.०१५ इंचाच्या टप्प्यांनी वेगवेगळ्या उंचीची बनवलेली असून उंचीचा आकडा पातीवर असतो. क्रमांक ४ मध्ये एक टप्पा बदलल्यास १०० यार्डांवर गोळी सुमारे दोन इंचांनी सरकते. गोळी वर लागत असेल तर अधिक उंच पाती लावली जाते.

कारखान्यांच्या खुणा

लहान भागांवरही निर्मात्याची खूण ठोकलेली असते. काही प्रमुख खुणा पुढीलप्रमाणे :

• लाँग ब्रांच, कॅनडा : 'एलबी' ही जोडाक्षरे
• सॅव्हेज, अमेरिका : चौकोनी घाटाचे 'एस'
• बीएसए, शर्ली : 'एम ४७'
• फझाकर्ली, लिव्हरपूल : 'एफ' किंवा 'एफवाय'
• माल्टबी : 'आरएम' किंवा 'एम'
• इशापूर : 'आर' व 'आय' यांमध्ये बाण, किंवा 'आरएफआय'

संग्राहक या खुणांच्या आधारे एकाच कारखान्याचे भाग जुळवतात. तथापि सैन्याला असे जुळवणे कधीच अभिप्रेत नव्हते. आर्मरर हाताशी असलेला व मापात बसणारा भाग लावीत, आणि संपूर्ण दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेलेल्या रायफलीवर 'एफटीआर' ही अक्षरे उमटवली जात. त्यामुळे मिश्र खुणांची रायफल अपूर्ण किंवा बनावट ठरत नाही. पुष्कळदा तो तिच्या सेवेचाच लेखाजोखा असतो. असे भाग काढून एकाच खुणेचे भाग बसवल्यास रायफल एकजिनसी दिसते, पण तिचा खरा इतिहास पुसला जातो. म्हणून काढलेले भाग टाकून न देता नोंदीसह जपणे इष्ट मानले जाते.

टाळावयाचे भाग

'डीपी' अक्षरे असलेले भाग केवळ कवायतीच्या रायफलींचे असतात. त्या रायफली गोळीबारास अयोग्य ठरवलेल्या असल्याने त्यांचे बोल्ट व नळ्या वापरू नयेत. पेशावर व कोहाट यांच्या दरम्यानच्या दर्रा आदमखेल येथे हाताने बनवलेल्या नकलांवर ब्रिटिश खुणा असतात. मात्र उलटी कोरलेली अक्षरे व चुकीची वर्णरचना यांवरून त्या ओळखू येतात. त्यांच्या पोलादाची खात्री देता येत नाही.

भारतातील संदर्भ

पश्चिम बंगालमधील इशापूर येथील रायफल कारखान्याने क्रमांक १ चे उत्पादन दुसऱ्या महायुद्धानंतरही चालू ठेवले. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतरच्या काळात तेथे ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी २ए व २ए१ या रायफली अधिक मजबूत पोलादाच्या बनवण्यात आल्या. बाह्यतः त्या क्रमांक १ सारख्याच दिसतात, परंतु त्यांचे काडतूस बाहेर आलेल्या कडेचे नसल्याने हेडस्पेस वेगळ्या गेजने तपासावा लागतो. बोल्ट हेड, नळी व मॅगझिनही निराळे असते. ०.३०३ चे हे भाग त्यांना लावणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रातील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात ०.३०३ ची काडतुसे बनत व त्यांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे असत. राज्याच्या पोलीस दलातही ही रायफल दीर्घकाळ होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील पोलिसांजवळ ०.३०३ रायफली होत्या. भारतात ०.३०३ बोअर नागरिकांसाठी निर्बंधित असून शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. त्यामुळे परवान्याविना सुट्या भागांची खरेदी-विक्री करता येत नाही.

उपलब्धता

सुट्या भागांचे दुर्भिक्ष हा केवळ संग्राहकांचा प्रश्न नाही. कॅनडाच्या उत्तर भागात गस्त घालणारे कॅनेडियन रेंजर्स २०१० च्या दशकापर्यंत क्रमांक ४ रायफल वापरीत होते. कडाक्याच्या थंडीत ती विश्वासार्ह असूनही बदली भाग मिळणे कठीण झाल्याने तिच्याऐवजी सी१९ ही नवी रायफल देण्यात आली.

हे सुद्धा पहा

• ली-एनफिल्ड
• रायफल फॅक्टरी इशापूर
• खडकी