विश्लेषण : पुन्हा पुन्हा हरवणारा ‘सेकिरो’ आवडू कसा लागतो?

खेळ सुरू करून तासही होत नाही, तोच पडद्यावर ‘मृत्यू’ या अर्थाचे लाल जपानी अक्षर उमटते. पुन्हा प्रयत्न केला तरी तेच. असे असूनही ‘सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस’ या गेमच्या जगभरात एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. पैसे मोजून हरण्यात कसली आली मजा? २०२५ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवणाऱ्या अहिल्यानगरकरांना याचे उत्तर तालमीत सापडेल.

हा गेम काय आहे?

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा हा अ‍ॅक्शन गेम २२ मार्च २०१९ रोजी पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ हेही त्यांचेच गेम. यादवीच्या काळातील जपानमध्ये एक हात गमावलेला योद्धा आपल्या लहानग्या धन्याला सोडवायला निघतो, ही याची कथा. २०१९ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम गेम ठरला.

एवढा अवघड का?

सोपा, मध्यम, कठीण अशी निवड यात नाही. मदतीला मित्र बोलावता येत नाही. पण खरी अडचण सवयीची आहे. इतर गेममध्ये वार चुकवून मागे पळणे शहाणपणाचे ठरते. इथे वार अंगावर येतो नेमक्या त्याच क्षणी तलवार आडवी घालावी लागते. वेळ साधली की समोरच्याचा तोल ढळू लागतो. तो पूर्ण सुटला की शेवटचा घाव घालता येतो. मागे हटलात, तर तो पुन्हा सावरतो.

मग गोडी कधी लागते?

नवखा पैलवान आधी चितपट होतो. हळूहळू समोरच्याचे खांदे, पाय पाहून त्याला येणारा डाव कळू लागतो. सेकिरोत तेच घडते. सुरुवातीलाच गेनिचिरो हा सरदार भेटतो. ही लढत जिंकली तरी कथेत नायकाचा हात तुटतोच! पुढे तोच गेनिचिरो किल्ल्याच्या माथ्यावर पुन्हा उभा ठाकतो. अनेक जण इथेच गेम सोडतात. जे टिकतात, त्यांना लाल चिन्ह दिसताच कळते की भोसकणारा वार आला तर पुढे सरायचे, पायावर आला तर उडी मारायची. आधी विजेसारखा वाटणारा शत्रू संथ भासू लागतो. तो तितकाच वेगवान असतो. बदललेली असते ती आपली नजर.

फोनवरचे गेमही हरवतातच की?

हो, पण हेतू पाहा. काही फुकट गेम मुद्दाम अडवतात आणि पुढे जाण्यासाठी पैसे मागतात. सेकिरोत जीव विकत मिळत नाही, आणि हरल्यावर आपली चूक कुठे झाली हे बहुतेक वेळा दिसते. फोनवर असा अनुभव हवा असेल, तर २०२०पासून अँड्रॉइडवर असलेला ‘डेड सेल्स’ पाहा.

सगळ्यांनी खेळावा का?

नाही. २०१९ मध्येच यावर वाद झाला. ज्यांचे हात किंवा दृष्टी साथ देत नाही, त्यांच्यासाठी सोपा पर्याय असायला हवा होता, हा आक्षेप रास्त आहे. ‘डेड सेल्स’ने २०२२ मध्ये तशा सोयी दिल्या आणि त्याची मजा कमी झाली नाही.

सुरुवात कशी करावी?

पडक्या देवळाजवळ हानबेई नावाचा अमर योद्धा भेटतो. तो आपला वस्ताद! लढाईआधी त्याच्याशी सराव करा. प्रत्येक डावात एकच वार ओळखायचा, एवढेच ध्येय ठेवा. आणि राग आला की बंद करा. रागात बोटे घाई करतात, आणि हा गेम घाईलाच शिक्षा देतो. दुसऱ्या दिवशी तोच शत्रू अनेकदा पहिल्या काही प्रयत्नांत पडतो.