मुद्रितशोधकाच्या मेजावरचा टॅबलेट

टॅबलेट लॅपटॉपची जागा घेऊ शकतो काय, हा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो, आणि उत्तर देणारा बहुधा स्वतःच्या कामाची धाटणी न सांगताच होय किंवा नाही म्हणून मोकळा होतो. काम कोणते, त्यात हात किती वेळ लिहितो आणि डोळे किती वेळ वाचतात, कागदपत्रे कोठून येतात आणि शेवटी कोठे रुजू करावी लागतात, एवढे ठरल्यावाचून या प्रश्नाचा निवाडा होणे शक्य नाही. माझे काम मराठी ग्रंथांच्या संपादनाचे आणि मुद्रितशोधनाचे. वाचन, लेखन, पत्रव्यवहार, दोन प्रतींची रुजवात, हिशेब आणि दफ्तर सांभाळणे ही सर्वसाधारण माणसाची संगणकावरची बहुतेक कामे या एका व्यवसायात एकवटलेली आहेत. म्हणून तेच उदाहरण येथे तपशिलाने मांडतो.

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्झ यांनी पहिला आयपॅड लोकांपुढे ठेवला, तेव्हा फोन आणि लॅपटॉप यांच्या दरम्यानचे तिसरे साधन अशीच त्याची ओळख करून दिली होती, आणि अशा साधनाने काही मोजकी कामे त्या दोहोंपेक्षा सरस केली नाहीत तर त्याला प्रयोजनच उरणार नाही, असेही बजावले होते. पुढच्या पंधरा वर्षांत हे तिसरे साधन हळूहळू लॅपटॉपच्या हद्दीत सरकत गेले. २०१५ मध्ये १२.९ इंची पडदा, पेन आणि जोडावयाचा कळफलक आला. २०१७ मध्ये फायली ठेवण्याची स्वतंत्र जागा मिळाली. २०२० मध्ये माउसचा दर्शक पडद्यावर नीटपणे फिरू लागला. २०२५ मध्ये लहानमोठ्या खिडक्या पडद्यावर हव्या तेथे मोकळेपणाने मांडण्याची मुभा झाली. मायक्रोसॉफ्टने २०१२ पासून ‘सरफेस’च्या रूपाने उलट टोकाकडून तोच प्रवास आरंभला होता. जॉब्झ यांनी घातलेली कसोटी मात्र मला आजही रास्त वाटते, आणि तीच मी माझ्या मेजावर लावून पाहतो.

मुद्रिताचे पान लॅपटॉपवर वाचणे ही नेहमीच एक तडजोड असते. मराठी ग्रंथांचा रूढ आकार डेमी, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. सर्रास वापरात असलेल्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा रुंदीला साडेतेरा इंचांहून किंचित अधिक भरला तरी उंचीला पावणेआठ इंचांच्या आतच राहतो; त्यामुळे डेमीचे पान मूळ आकारात त्यावर मावत नाही, ते एक तर आक्रसून पाहावे लागते किंवा वरखाली सरकवत वाचावे लागते, आणि पान सरकले की वाचणाऱ्याची ओळ सुटते, व चूक नेमकी त्या सुटलेल्या ओळीत राहून जाते. याउलट ११ इंची टॅबलेट उभा धरला की तेच पान मूळ आकारात, शीर्षपंक्ती आणि पृष्ठांकासह, एका दृष्टिक्षेपात समोर येते. एखाद्या परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसली आहे काय, दोन शब्दांमधली मोकळी जागा कोठे नदीसारखी फाकत गेली आहे काय, तळटिपेचा आकडा वर आणि टीप मात्र दुसऱ्याच पानावर असा प्रकार झाला आहे काय, हे सर्व पान अखंड दिसले तरच ध्यानात येते.

मग पेन हाती घ्यावे. हाताचा तळवा पडद्यावर टेकला तरी यंत्र त्याची दखल घेत नाही, ते केवळ पेनाचे टोक ओळखते. आणि त्यामुळे लिहिण्याची आपली लहानपणापासूनची बैठक मोडावी लागत नाही. अलीकडेच तपासलेल्या एका प्रवासवर्णनात ‘सह्याद्रीच्या दर्याखोर्यांतून’ असे छापून आले होते. ‘दऱ्या’ची जागा ‘दर्या’ने घेतली की डोंगरात समुद्र येतो, आणि रफार व अर्धा ‘ऱ’ यांतला भेद नेहमीच्या बारा पॉइंटांच्या अक्षरात थकलेल्या डोळ्यांना सहज चकवतो. दोन बोटांनी तो शब्द पडद्यावर तळहाताएवढा मोठा केला, रफारावर तांबडी रेघ ओढली, समासात ‘ऱ्या’ लिहिले, पुन्हा बोटे मिटवून पान पूर्ववत केले. एवढ्या व्यवहारात दृष्टी त्या ओळीवरून क्षणभरही ढळली नाही. लॅपटॉपवर हेच करताना माउसने शब्द निवडणे, शेरा लिहिण्याची चौकट उघडणे, तीत कळफलकावरून मजकूर भरणे आणि चौकट मिटवणे अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात, आणि चौथ्या पायरीपर्यंत वाक्याचा अर्थ मनातून निसटलेला असतो. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे हे साधन आरामखुर्चीत मांडीवर घेऊन सोळा पानी फर्मा सलग तपासावा, यासारखे समाधान या व्यवसायात मला दुसऱ्या कोणत्याही यंत्राने दिलेले नाही. जॉब्झ यांच्या कसोटीला टॅबलेट येथे पूर्णपणे उतरतो.

परंतु या अनुभवाचे बारकाईने पृथक्करण केले तर एक गोष्ट उघड होते. टॅबलेटने माझ्या मेजावरून जे हटवले ते कागदी मुद्रितांचे गठ्ठे, तांबडी लेखणी आणि ते गठ्ठे मुद्रणालयापर्यंत पोहोचवण्याची यातायात. लॅपटॉप होता तेथेच आहे.

लिहिण्याचेच घ्या. मराठी टंकलेखनासाठी मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरतो. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट झालेल्या या मांडणीत स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. त्यामुळे ‘देशी’सारखे शब्द लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि सरावाने बोटांना न पाहता वाट सापडते. काचेवर उमटणाऱ्या कळफलकाला स्पर्शाची खूण नसते. बोट कोठे पडले हे डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि टॅबलेट आडवा धरला तर तो कळफलक जवळजवळ अर्धा पडदा व्यापून टाकतो. दोन ओळींचे उत्तर त्यावर खुशाल लिहावे, किंवा तोंडाने सांगून उतरवून घ्यावे. बोललेले मराठी टिपून घेण्याची सोय आता बरीच भरवशाची झाली आहे. पण प्रस्तावनेचा दहा पानी मसुदा त्यावर सिद्ध होत नाही.

यावर वेगळा कळफलक जोडावा, असे सांगण्यात येते, आणि तो जोडला की वेगळीच अडचण उभी राहते. लॅपटॉपची बॅटरी आणि बहुतेक यंत्रसामग्री कळफलकाच्या खाली असते. बूड जड, पडदा हलका, म्हणून तो मांडीवरही स्थिर बसतो. टॅबलेटचे सगळे यंत्र पडद्याच्याच पाठीशी असल्यामुळे भार वर आणि बूड पोकळ. त्याला मागून टेकू द्यावा लागतो किंवा कळफलकच मुद्दाम वजनदार करावा लागतो. मोठ्या टॅबलेटला असा भक्कम कळफलक लावला की दोहोंचे मिळून वजन हलक्या लॅपटॉपएवढे, क्वचित त्याहून अधिक भरते, आणि ज्या सुटसुटीतपणासाठी हे साधन घेतले तोच हरवतो.

याहून गहन अडचण रुजवातीची आणि दफ्तराची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध करताना माझ्यापुढे पहिल्या आवृत्तीच्या पानांची छायाचित्रे, नव्याने जुळवलेला मजकूर आणि लेखकाच्या वारसांनी दिलेली दुरुस्त्यांची यादी असे तीन दस्तऐवज एकाच वेळी उघडे असावे लागतात. टॅबलेटवर दोन शेजारी शेजारी नीट बसतात. तिसऱ्याकडे जाऊन परत यावे तर, बॅटरी आणि स्मृती वाचवण्यासाठी यंत्राने मागचे काम निजवलेले असते, आणि पुष्कळदा ते जागे होताना पुन्हा पहिल्या पानावरून सुरू होते. नव्या यंत्रांनी यात सुधारणा केली आहे खरी. पण दफ्तराचा प्रश्न तिने सुटत नाही. लॅपटॉपवर फाइल एका ठिकाणी असते आणि कोणताही प्रोग्राम तिथेच जाऊन ती उघडतो. टॅबलेटवर प्रत्येक ॲपची प्रवृत्ती स्वतःची वेगळी नक्कल करून ठेवण्याची, आणि चार ठिकाणी चार नकला झाल्या की अखेरची प्रत कोणती, हे संपादकालाच सांगता येईनासे होते. ज्याच्या हाती एखाद्या दिवंगत लेखकाचे शब्द विश्वासाने सोपवलेले आहेत, त्याला ही संदिग्धता परवडत नाही.

यात आणखी एक खास मराठी बाब आहे. १९६२ मध्ये लागू झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ‘कांही’, ‘नाहीं’, ‘घरें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तत्पूर्वीचे ग्रंथ आजच्या वाचकांसाठी छापताना ते हजारोंच्या संख्येने उतरवावे लागतात, आणि ते सरसकट उतरवूनही चालत नाही, कारण ‘लोकांनी’मधला अनुस्वार अनेकवचनाचा असतो आणि तो गेला की व्याकरणच बदलते. यासाठी वर्डमध्ये लिहिलेला एक छोटा मॅक्रो प्रत्येक संशयित जागी थांबून होकार मागतो. असे मॅक्रो आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबलेटवरील वर्डमध्ये चालत नाहीत.

जुन्या टंकांचाही प्रश्न असाच. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी छपाईचा सारा संसार श्रीलिपीसारख्या प्रणालींनी उभा केला आणि दीर्घकाळ सांभाळला, याचे ऋण विसरता येत नाही. परंतु त्या काळच्या टंकांत देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली होती, त्यामुळे मूळ टंक नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. पुस्तकांची पाने लावणाऱ्या ताई अनेक वर्षे या कामात आहेत. परवा मी एक जुनी फाइल मागितली तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “सर, टॅबवर बघणार का? मग नुसती एबीसीडी दिसेल. मी पीडीएफ करून पाठवते, खुणा त्याच्यावर करा. पण फाइलमध्ये हात घालायचा असेल तर लॅपटॉपवरच बसा.” मुद्रणव्यवसायाच्या आजच्या स्थितीचे इतके अचूक वर्णन मला करता आले नसते.

सर्वांचा व्यवहार इतका गुंतागुंतीचा नसतो, हे मान्य. आमच्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. वर्तमानपत्र, परदेशातल्या नातवंडांशी बोलणे, बँकेचा जमाखर्च, गावच्या जमिनीचा सातबारा आणि दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला, एवढाच त्यांचा आणि संगणकाचा संबंध. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू झाली तेव्हा दाखल्यासाठी बोटाचा किंवा बुबुळाचा ठसा घेणारे वेगळे उपकरण लागे. २०२१ पासून अँड्रॉइडवर चालणाऱ्या साधनाच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी काम भागते. “अहो, मग मी लॅपटॉप कशाला घेऊ?” असे त्यांनी विचारले, आणि घेऊ नका, असेच मी निःशंकपणे सांगितले. त्यांच्या पुतण्याचा व्यवसाय सरकारी कंत्राटांचा. ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किल्ली संगणकाला लावावी लागते, तिचा चालक बहुधा विंडोजची अपेक्षा करतो, आणि त्याला मी तितक्याच निःशंकपणे उलट सल्ला दिला.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. टॅबलेटची छापील किंमत मोहक असते; तीत पेन, कळफलक आणि टेकू यांची भर पडली, आणि मायक्रोसॉफ्टची लेखनसाधने १०.१ इंचांहून मोठ्या पडद्यावर संपादनासाठी वर्गणी मागतात हे ध्यानात घेतले, म्हणजे एकूण रक्कम साध्या लॅपटॉपच्या घरात जाते. म्हणून या व्यवसायात नव्याने येणाऱ्या आणि एकच साधन परवडणाऱ्या तरुणांना मी लॅपटॉपच घ्यावयास सांगतो, आणि मुद्रिते अजून काही काळ कागदावर छापून तांबड्या लेखणीने तपासावीत असे सुचवतो. कारण टॅबलेटचे काम कागद निभावून नेतो, पण मॅक्रोचे, रुजवातीचे आणि दफ्तराचे काम निभावून नेणारे दुसरे काही नाही.

ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांच्या वतीने प्रकाशकांकडे मात्र एक आग्रहाची विनंती आहे. मुद्रिते पाठवताना दोन पाने जोडून पाठवू नयेत, एकेक पान सुटे आणि मूळ आकारात पाठवावे. बाहेरचा समास खुणा करण्याइतका मोकळा ठेवावा. आणि पीडीएफसोबत युनिकोडमधला मजकूरही द्यावा, म्हणजे टॅबलेटवर सापडलेली शंका लॅपटॉपवरच्या मजकुरात शोधून साऱ्या पुस्तकभर पडताळता येते. यासाठी प्रकाशकाला जादा दमडी खर्चावी लागत नाही. पाने लावणाऱ्याला तशी सूचना आरंभीच द्यावी, एवढेच पुरे.