बिजागरी-काप आणि करवतीची निवड

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागांतील अनेक खासगी जंगलमालक पांढऱ्या शेपटीच्या हरणांना आडोसा व चारा मिळावा म्हणून झाड पूर्ण न तोडता अर्धवट कापून आडवे करतात. या पद्धतीला तेथे ‘हिंज कटिंग’, म्हणजे बिजागरी-काप, म्हणतात. खोडाचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग तिरका कापल्यावर उरलेली साल आणि तिच्यालगतचे जिवंत लाकूड वाकून शेंडा जमिनीकडे येतो, मुळांचे पाणी चालू राहिल्याने झाड बहुधा काही वर्षे जगते, आणि उंचावरची कोवळी डहाळी हरणाच्या तोंडाशी येते. इंग्लंडमध्ये जिवंत कुंपण घालताना हेच तत्त्व फार पूर्वीपासून वापरले जाते.

या कामासाठी जितकी ताकदवान करवत तितकी चांगली, ही समजूत मात्र धोक्याची आहे, कारण येथे काप पूर्ण करायचा नसून योग्य क्षणी थांबवायचा असतो. मनगटाएवढ्या खोडाला ओढताना कापणारी, वक्र पात्याची हात-करवत पुरते आणि तिच्यामुळे लाकूड कधी झुकू लागले हे हाताला लगेच समजते. त्याहून जाड, पण सुमारे 15 सेंमीपर्यंतच्या खोडांना 30 ते 40 सेंमी पात्याची हलकी चेनसॉ योग्य होय. वरच्या बाजूला मूठ असलेली छोटी चेनसॉ झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षितांसाठी बनवलेली असते. जमिनीवर ती एका हाताने चालवण्याचा मोह होतो, म्हणून ती टाळावी.

सर्वांत गंभीर धोका खोड उभे फाटण्याचा आहे. नेहमीच्या तोडीत झुकावाच्या बाजूला आधी खाच घेतात. येथे ती नसल्याने ताणलेले तंतू अचानक चिरतात आणि फाटलेला भाग कापणाऱ्याच्या छातीवर किंवा डोक्यावर झेपावतो. ॲशसारख्या सहज चिरणाऱ्या लाकडात आणि कडक गोठलेल्या खोडात हे अधिक घडते. त्यामुळे जाड किंवा आधीच खूप कललेली झाडे सोडून द्यावीत, खोडाच्या मागे नव्हे तर बाजूला उभे राहावे, मागे सरकण्याची वाट आधीच मोकळी करावी आणि लाकूड झुकू लागताच करवत थांबवून उरलेले काम आकडी लावलेल्या काठीने ओढून करावे.

काप कंबर ते छातीच्या उंचीवर घेतला जातो. खांद्याच्या वर चेनसॉ कधीही नेऊ नये, कारण पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून थेट चेहऱ्याकडे येते. शिरस्त्राण, चेहऱ्यावरची जाळी, कानांचे संरक्षण, साखळी अडवणारे पायांवरचे आवरण आणि हाकेच्या अंतरावर एक सोबती एवढे असल्याशिवाय काम सुरू करू नये.

ओकसारख्या मौल्यवान झाडांवर हा काप घेणे बहुतेकदा नुकसानीचे ठरते, कारण त्यांची फळे हेच हरणांचे महत्त्वाचे अन्न असते. आडव्या झालेल्या खोडांखाली दबून कमानीसारखी वाकलेली रोपटी ताणलेली राहतात. ती मोकळी करताना बाहेरून एकदम कापू नयेत, तर वाकाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे लाकूड तासून ताण हळूहळू उतरवावा.