गाडीचा पहिला क्लच किती किलोमीटर टिकतो?

साधारण ऐंशी हजार ते एक लाख किलोमीटर, असं बहुतेक मेकॅनिक सांगतात. पण हा आकडा गाडीपेक्षा चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर जास्त अवलंबून असतो. हायवेवरच धावणारी गाडी दीड लाखही ओलांडते. रोज ट्रॅफिकमध्ये अडकणारी पन्नास हजारांतच प्लेट मागते.

कोल्हापूर–राधानगरी रस्त्यावर क्लचची खरी परीक्षा गळिताच्या हंगामात होते. परित्याच्या भोगावती कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिला-दुसरा गिअर, थांबा, पुन्हा निघा. पुढे दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरला, की परतीचा सगळा चढच. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरणं, ही सवय सर्वांत घातक. त्या वेळी फ्लायव्हील फिरत असतं आणि प्लेट त्यावर घासत, तापत राहते. हँडब्रेक ओढून थांबावं, निघताना सोडावा. घाट उतरतानाही क्लच दाबून गाडी सोडू नये. इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा जळका वास येतो, तर प्लेट संपत आली समजा. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडते, म्हणून प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तपासून घ्या. आणि हे काम पावसाळ्यात घाटात शिरण्याआधी उरकून घ्या.